किल्ली कुणाकडे आहे?

(चंदगड येथे तरुण-तरुणींच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



मला दिलेला विषय होता, आपल्या भागात वाचनाचे, भटकंतीचे, खेळाचे गट कसे सुरू करावेत. संयोजकांना विचारून मी तो जरा वळवून घेतलाय. सुरू कसं करायचं हे तुम्हाला शिकवायची गरज नाही. व्हॉट्सॲपवर ग्रुप काढायला दोन मिनिटं लागतात, नाव सुचायला दहा, आणि लोगो करून द्यायला कुणी ना कुणी तयार असतंच. मला बोलायचंय ते त्याच्या पुढच्या गोष्टीवर. हे गट टिकत का नाहीत?

मी शिक्षक आहे. चंदगड, आजरा, गडहिंग्लज या पट्ट्यात गेल्या पंधरा-सोळा वर्षांत असे गट मी बरेच पाहिले. वाचनकट्टा पाहिला, पारगड-कलानंदीगडावर जाणारा गट पाहिला, पक्षी बघणारे पाहिले, बुद्धिबळवाले पाहिले. काहींत मी स्वतः बसत होतो, काहींना नुसती पुस्तकं नेऊन दिली. यातले बहुतेक दीड-दोन वर्षांत संपले. भांडण होऊन मोडलेले फार थोडे. बाकीचे कधी थांबले ते कुणालाच सांगता येत नाही. गटाचा मृत्यूदाखला कुणी काढत नाही. ग्रुपवर 'सुप्रभात' येत राहतं, वाढदिवसाचे केक येत राहतात, मग एखादी जमीन विकण्याची जाहिरात येते, आणि एके दिवशी कुणीतरी विचारतो, "अरे, आपण भेटत होतो ना?"

असं का झालं म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. "पोरांना आवडच राहिली नाही." "मोबाईलनं वाट लावली." "आपल्या समाजात वाचनाची सवयच नाही." हे शेवटचं वाक्य आपल्या मोहल्ल्यात फार ऐकू येतं आणि ते म्हणणाऱ्याला आपण मोठं काही बोललो असं वाटतं. मला यातलं एकही उत्तर पटत नाही. वाचनकट्ट्यात येणारी पोरं कट्टा संपल्यावरही वाचत होती, माझ्याकडून पुस्तकं नेत होती. गडांवर जाणारी पोरं अजून जातात, दोघं-तिघं मिळून. आवड होती तिथंच आहे. मग आटलं काय?

याचं उत्तर शोधायला आपण आधी न आटलेली गोष्ट बघू. ती आपल्याच जिल्ह्यात आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम ही नावं तुम्ही ऐकता ती फुटबॉलमुळे. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर यांचे सामने लागले की अख्ख्या पेठा लोटतात. पण नावात तालीम आहे, आणि तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा. शब्द अरबीतून आलेला, अर्थ शिकवण. लाल मातीच्या हौद्यात पोरं घडवायला उभ्या राहिलेल्या या जागा. पुढं काळ बदलला, पोरांची ओढ कुस्तीकडून फुटबॉलकडे गेली, तर तालमींनी फुटबॉलचा संघ काढला. काही तालमींत गणपतीही बसतो आणि मोहरमचा पंजाही बसतो. म्हणजे छंद बदलला तरी गट राहिला. आपल्याकडे उलटं होतं. छंद तसाच राहतो आणि गट जातो.

तालमीत असं काय आहे? मला चार गोष्टी दिसतात. जागा ठरलेली आहे, ती कुणाच्या घरची नाही. वेळ ठरलेली आहे, त्यासाठी कुणाला मेसेज करावा लागत नाही. नव्या पोराला आल्याआल्या काम मिळतं: माती उकर, पाणी आण, पडलेली गदा जागेवर ठेव. त्यामुळे तो पाहुणा राहत नाही. आणि वस्ताद म्हातारा व्हायच्या आधी त्याच्या हाताखाली दुसरा तयार झालेला असतो.

तालमीचं सगळंच चांगलं असं मी म्हणत नाही. तालमीचं दार मुलींना बहुतेक वेळा बंदच होतं. पेठापेठांची ईर्ष्या मैदानात आणि मैदानाबाहेर हाणामारीपर्यंतही जाते. आपल्याला ती ईर्ष्या नको. या चार गोष्टी मात्र घेऊया आणि आपल्या गटांत त्या कुठं कमी पडतात ते एकेक करून बघूया.

पहिली गोष्ट माणसाची. प्रत्येक गटात एक जण असतो जो बोलावतो. तारीख तोच सुचवतो, जागेची चावी तोच मागून आणतो, "येतोस ना?" म्हणून फोन तोच करतो, चहाचे पैसे कमी पडले तर खिशातून तोच घालतो. बाकीचे येतात, छान बोलतात, जातात. त्यांना वाटतं गट आपोआप चाललाय. मी पाहिलेला वाचनकट्टा असाच होता. एका शाळेच्या वर्गात, महिन्यातून दोन रविवारी. वीस-बावीस जण यायचे. चालवणाऱ्या मुलाला पुण्यात नोकरी लागली. जाताना त्यानं वर्गाची किल्ली शाळेच्या शिपायाकडे परत दिली, कारण दुसरं कुणाकडे द्यायची हे कुणी ठरवलंच नव्हतं. नंतर ती किल्ली मागायला कुणी गेलं नाही. शाळेनं नाही म्हटलं नव्हतं. मागितली असती तर मिळाली असती. पण वीस जणांतल्या प्रत्येकाला वाटलं, दुसरा कुणीतरी मागेल.

आता गंमत बघा. असे गट अभिमानानं सांगतात, "आमच्यात अध्यक्ष नाही, सेक्रेटरी नाही, सगळे सारखे." ऐकायला गोड आहे. अमेरिकेतल्या स्त्रीमुक्ती चळवळीतल्या जो फ्रीमन यांनी १९७० साली एका भाषणात नेमकं याच्यावर बोट ठेवलं होतं. त्यांचं म्हणणं असं की ज्या गटाला रचना नाही असं आपण म्हणतो, त्यालाही रचना असतेच, फक्त ती दिसत नाही. निर्णय कुणीतरी घेतंच. कामं कुणीतरी करतंच. पण ती कुणाकडे आहेत हे लिहिलेलं नसल्यामुळे ती मागताही येत नाहीत आणि सोडताही येत नाहीत. त्यांच्यासमोर राजकीय गट होते, पण आपल्या कट्ट्यालाही हे तंतोतंत लागू पडतं. पद नसलं की पदावरून उतरताही येत नाही. माणूस थकतो, गप्प होतो, आणि त्याच्याबरोबर गटही गप्प होतो.

दुसरी गोष्ट जागेची. त्या वाचनकट्ट्याची गोष्ट अजून संपलेली नाही. वर्ग गेल्यावर उरलेल्या पोरांनी ठरवलं, आपण स्टँडजवळच्या हॉटेलात भेटू. चहा मिळतो, बसायला मिळतं, अडचण काय? अडचण अशी की कट्ट्यात सहा मुली होत्या. त्यांपैकी चार आपल्या मोहल्ल्यातल्या. शाळेच्या वर्गात जायला घरून परवानगी होती, कारण शाळा म्हणजे शाळा, आणि तिथं ओळखीच्या एक बाई येऊन बसायच्या. हॉटेलात कोण पाठवणार? मुलींनी काही तक्रार केली नाही, त्या नुसत्या आल्या नाहीत. पोरांनीही विचारलं नाही. पुढं तीन-चार महिन्यांत हॉटेलातली बैठकही विरली. वर्षभरानं त्यातली एक मुलगी भेटली. आता ती बेळगावला नर्सिंग करते. ती म्हणाली, "सर, पोरं म्हणतात कट्टा डिसेंबरात बंद पडला. आमच्यासाठी तो ऑगस्टातच पडला होता."

हे वाक्य मी तुम्हाला लक्षात ठेवायला सांगेन. गट सगळ्यांसाठी एकाच दिवशी बंद पडत नाही. ज्यांच्यासाठी बाहेर पडणं अवघड आहे, त्यांच्यासाठी तो आधी बंद पडतो. मुलांना दुसरी जागा असते. टपरी असते, मैदान असतं, पारावर बसता येतं. बऱ्याच मुलींना घर आणि कॉलेज सोडलं तर ती महिन्यातून दोनदा भेटण्याची जागा एवढीच जागा असते. म्हणून जागा ठरवताना पहिला प्रश्न हाच विचारायचा: इथं आपल्यातली सगळ्यात कमी मोकळीक असलेली व्यक्ती येऊ शकेल का? ती येऊ शकली तर बाकीचे येतीलच.

तिसरी गोष्ट वेळेची, आणि इथं आपण शहराची नक्कल करतो. पुण्यातल्या गटाचं वेळापत्रक बघून आपण 'दर रविवारी संध्याकाळी' असं ठरवतो. पण आपण चंदगडात राहतो. इथं जूनला पाऊस लागला की पुढचे तीन महिने कसे जातात हे तुम्हाला सांगायला नको. रोपलावणीत घरातलं लहानमोठं सगळं शेतात. वीज गेली तर कधी येईल सांगता येत नाही. दिवाळीनंतर ऊसतोड. मार्च ते मे काजू. त्यात रमजान दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे येतो आणि त्या महिन्यात संध्याकाळ इफ्तार-तरावीहची असते. वर्षाचे बावन्न रविवार धरून ठरवलेला गट पहिल्या पावसाळ्यातच आपटतो. चार बैठका पाण्यात गेल्या की पाचवीला कुणी येत नाही. माणसाला वाटतं आपला उत्साह कमी पडला. खरं तर आपला हिशेब चुकलेला असतो. वारकरी वर्षभर चालत नाहीत. आषाढी-कार्तिकीला चालतात, आणि म्हणून शतकानुशतकं चालतात. आपणही आपल्या भागाचं पंचांग बघून वर्षाच्या दहा-बारा बैठका ठरवाव्यात आणि पावसाळ्यात सुट्टी आहे असं आधीच सांगून टाकावं. सांगून घेतलेल्या सुट्टीनंतर माणसं परत येतात. न सांगता पडलेल्या खंडानंतर येत नाहीत, त्यांना संकोच वाटतो.

चौथी गोष्ट म्हणजे नवा माणूस. गट सुरू करणारे चार-पाच जण घट्ट दोस्त असतात. त्यांचे विनोद आपसातले, त्यांची टोपणनावं आपसातली. नवा मुलगा येतो, कोपऱ्यात बसतो, दीड तास ऐकतो आणि जातो. पुन्हा येत नाही. हे चार म्हणतात, "लोक येतच नाहीत." लोक आले होते. त्यांना करायला काही मिळालं नाही. माती उकरायला मिळाली असती तर ते थांबले असते.

आपल्या तालुक्यात तर नव्या माणसाशिवाय गट टिकूच शकत नाही. बारावी झाली की निम्मी मुलं जातात. बेळगाव, कोल्हापूर, गोवा, पुणे, मुंबई. मुलींची लग्नं होतात. १९५६ साली राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्ह्यातून आपला एक तालुका वेगळा काढून कोल्हापूरला जोडला गेला. रेघ बदलली, पण आपलं येणंजाणं चारी दिशांना होतं तसंच राहिलं. इथली माणसं जाणारच. जो गट जाणाऱ्यांना धरून ठेवायला बघेल तो रडत बसेल. जो गट दरवर्षी अकरावीची पाच पोरं-पोरी आत घेईल तो चालेल. आणि जाणारेही पूर्ण जात नाहीत हो. गणपतीला येतात, ईदला येतात, ग्रामदैवताच्या जत्रेला येतात. वर्षातली एक बैठक त्या दिवसांत ठेवली तर जुने-नवे एका खोलीत येतात.

आता मी तुम्हाला महाराष्ट्रातलाच एक जुना प्रयोग सांगतो, कारण त्यात या सगळ्या गोष्टी दिसतात. १९५६ सालची गोष्ट. त्या वेळी आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं, पुणे केंद्रावरून, पाच मराठी भाषक जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत शेतकऱ्यांचे श्रोतागट काढले. कल्पना कॅनडातून आली होती. तिथं १९४१ पासून शेजारचे शेतकरी एकत्र बसून रेडिओ ऐकायचे आणि मग चर्चा करायचे. आपल्याकडच्या प्रयोगात आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, एकूण वीस कार्यक्रम झाले. गावात पंधरा-वीस जण बसायचे, ऐकायचे, ऐकलेल्यावर बोलायचे. टाटा समाजविज्ञान संस्थेनं त्याचा अभ्यास केला, तो पॉल न्यूराथ यांच्या देखरेखीखाली झाला. अभ्यासात दिसलं की श्रोतागट असलेल्या गावांत लोकांची माहिती नुसता रेडिओ असलेल्या किंवा रेडिओच नसलेल्या गावांपेक्षा कितीतरी जास्त वाढली. बसून बोलल्यानं फरक पडला होता.

तो प्रयोग का चालला? वेळ ठरलेली होती. बैठक चालवणारा एक आणि टिपण ठेवणारा एक, अशी कामं वाटलेली होती. आणि सर्वांत महत्त्वाचं, गटानं विचारलेले प्रश्न आकाशवाणीकडे जायचे आणि त्यांची उत्तरं रेडिओवरून यायची. आपलं कुणीतरी ऐकतंय हे लोकांना कळत होतं. पुढं १९५९ पासून ही योजना देशभर नेली गेली, हजारो गट निघाले. आज तुमच्यापैकी कुणाच्या गावात असा श्रोतागट आहे? नाही. कॅनडातले गटसुद्धा १९६५ साली थांबले. माझा यातून काढलेला अर्थ असा: जो गट बाहेरून कुणीतरी ढकलतोय म्हणून चालतो, तो ढकलणारा हात निघाला की थांबतो. तो हात सरकारी अधिकाऱ्याचा असो, एखाद्या संस्थेचा असो किंवा माझ्यासारख्या हौशी मास्तराचा. म्हणून मी आज तुमच्या गटाचा मार्गदर्शक व्हायला आलेलो नाही. पुस्तकं हवी असतील तर मागा, देईन.

कुणी म्हणेल, सर, एवढं काय? छंदाचा गट आहे, चालला तर चालला. नोकऱ्यांचे प्रश्न आहेत, शिक्षणाचे आहेत, समाजाचे आहेत. गडावर जाणं आणि कादंबऱ्यांवर गप्पा मारणं म्हणजे चैन.

मला ही चैन वाटत नाही. का, ते सांगतो. ७ जून २०२३ ला कोल्हापुरात काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. मोबाईलवरच्या स्टेटसवरून बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद झालं. शाहू महाराजांच्या गावात. १९०६ साली मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी महाराजांच्या पुढाकारानं जिथं मोहमेडन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली, त्या गावात. पुढच्या वर्षी जुलैत विशाळगडाच्या पायथ्याशी गजापूरला घरं फोडली गेली. त्या दिवसांत इथं चंदगडात काही झालं नाही, पण प्रत्येक घरात फोनवर तेच व्हिडिओ फिरत होते. त्या रात्री तुम्ही कुणाला फोन केला? मी विचार करायला म्हणून विचारतोय, उत्तर देऊ नका. ज्यांना फोन केला, त्यांत आपल्या मोहल्ल्याबाहेरचं कोण होतं? आणि ती ओळख कुठून झाली होती?

आशुतोष वार्ष्णेय या अभ्यासकानं यावरच मोठं काम केलंय. त्यांचं पुस्तक २००२ साली आलं. त्यांनी शहरांच्या जोड्या घेतल्या: एक दंगल होणारं, एक न होणारं. अलिगड आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत. त्यांचा निष्कर्ष असा की हिंदू-मुसलमान एकत्र असलेल्या संघटना जिथं जिवंत आहेत, तिथं अफवेची दंगल होत नाही. संघटना म्हणजे व्यापाऱ्यांच्या, कामगारांच्या, आणि वाचनाच्या, सिनेमाच्या मंडळ्यासुद्धा. शेजारी म्हणून रोज 'कसं काय' म्हणणं चांगलंच, पण शहरात तेवढं पुरत नाही. लहान गावात पुरू शकतं असं ते म्हणतात, आणि आपण लहान गावात आहोत. पण माझं म्हणणं, आता गावाला शहराचं भांडण मोबाईलवर घरपोच येतं, आणि आपली पोरं तर शहरातच राहायला जातात. तेव्हा हे शिकून जायला हवं.

आपल्या राज्यातलं उदाहरण भिवंडीचं. १९८४ साली तिथं भयंकर दंगल झाली होती. नंतर १९८८ पासून सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्यानं मोहल्ला समित्या बांधल्या. दोन्ही समाजांची माणसं नळ, गटार, किरकोळ तंटे अशा साध्या गोष्टींसाठी नेमानं एकत्र बसायची. १९९२-९३ ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. यातला 'नेमानं' हा शब्द मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दंगलीच्या रात्री समिती काढता येत नाही. ती आधीपासून, काही घडत नसताना, नळावर बोलत बसलेली असावी लागते. पक्षी बघायला गेलेली आठ पोरं, त्यातला एक शेख, एक पाटील, एक कांबळे, एक फर्नांडिस, ही माझ्या दृष्टीनं तशीच गोष्ट आहे. त्यांनी एकोप्यावर भाषण करायची गरज नाही. त्यांनी पहाटे पाचला वेळेवर यावं आणि दुर्बीण आळीपाळीनं वापरावी.

म्हणून टिकवायचं कसं यावर थोडं ठोस बोलतो. हे मी टिकलेल्या थोड्या गटांत पाहिलेलं आहे, माझ्या डोक्यातून निघालेलं नाही.

एक. बोलावणारे कायम दोघं असावेत. शक्यतो एक मुलगा, एक मुलगी. एकाची मुदत एक वर्ष, आणि दोघांची मुदत एकदम संपू नये. मुदत संपली की चांगलं चाललं असेल तरीही उतरायचं. विशेषतः चांगलं चाललं असेल तर. उतरलेला माणूस गटातच राहतो, नवीन माणसाला मदत करतो, आणि कुणाला अपराधी वाटत नाही.

दोन. एक वही ठेवा. व्हॉट्सॲप पुरत नाही, फोन बदलला की सगळं जातं. वहीत तारीख, कोण आलं, काय वाचलं किंवा कुठं गेलो, पुढची तारीख आणि किल्ली कुणाकडे आहे, एवढंच. वही ज्याच्याकडे असेल तो पुढच्या बैठकीची आठवण करील. वही दर बैठकीला पुढच्या माणसाकडे जाईल.

तीन. जागा कुणाच्या मेहरबानीची असू नये. शाळेचा वर्ग असेल तर मुख्याध्यापकांना गटाच्या नावानं अर्ज द्या, एका मुलाच्या ओळखीवर जागा घेऊ नका. सार्वजनिक वाचनालयं आपल्याकडे गावोगावी आहेत. १९६७ च्या कायद्याखाली त्यांना सरकारी अनुदान मिळतं, म्हणजे ती आपलीच आहेत. तिथल्या ग्रंथपालांना महिन्यातून एक दुपार मागा. त्यांनाही वाचणारी माणसं हवीच असतात.

चार. लहान ठेवा. सहा माणसं आली तर सहा. दुसऱ्या महिन्यात वार्षिक संमेलन, बॅनर, प्रमुख पाहुणे असली स्वप्नं बघू नका. मी पाहिलंय, एक मोठा कार्यक्रम होतो, सगळे दमतात, पैशाचा हिशेब लागत नाही, आणि त्यानंतर साध्या बैठकीला यायला कुणाला मजा वाटत नाही. वर्गणी घ्या, पण वीस-तीस रुपये, म्हणजे द्यायला कुणी लाजणार नाही. ज्याला शक्य नाही त्याला विचारू नका.

पाच. न आलेल्याला फोन करा. "का आला नाहीस?" असं रागानं नको. "तू नव्हतीस, हे पुस्तक तुला आवडलं असतं" असं. दोनदा न आलेला माणूस तिसऱ्यांदा संकोचानं येत नाही. हा एक फोन त्याचा संकोच मोडतो.

सहा. बंद करायची वेळ आली तर बंद करा, पण सांगून. गट कायम चालला पाहिजे अशी सक्ती नाही. शेवटची बैठक ठेवा, चहा प्या, पुस्तकं वाटून घ्या, उरलेले पैसे कुणाला द्यायचे ते ठरवा, वही वाचनालयात ठेवा. असं सांगून संपवलेल्या गटातली माणसं दोन वर्षांनी नवा गट काढतात. विरलेल्या गटातली माणसं काढत नाहीत. त्यांच्या मनात 'आपल्याकडे असलं काही चालत नाही' एवढंच उरतं. समाजाला सवय नाही, पोरांना आवड नाही ही जी वाक्यं मी सुरुवातीला सांगितली, ती तिथूनच जन्माला येतात.

आपला तालुका पुस्तकांना परका नाही. 'स्वामी' लिहिणारे रणजित देसाई इथल्याच कोवाडचे. दुर्गम भाग, पाऊस, वाईट रस्ते हे सगळं तेव्हाही होतं. तेव्हा भाग मागासलेला आहे ही सबब आपण आजपासून बंद करू.

आज इथं तीस-पस्तीस जण बसलात. मला तुमच्याकडून शपथ नको, टाळ्याही नकोत. चहाला उठायच्या आधी तीन गोष्टी कागदावर लिहा. पुढच्या बैठकीची तारीख, पण पाऊस आणि शेतीची कामं बघून. जागा, आणि ती या खोलीतल्या मुलींना विचारून. आणि दोन नावं. त्यातलं एक नाव अशा कुणाचं असू दे जो आज पहिल्यांदाच आलाय.

मग किल्ली त्याच्या हातात द्या आणि चहा प्यायला चला.